उरलेलं दुखणं

९ फेब्रुवारी

बारक्या,

फोन करू नकोस, म्हणून लिहितेय. तुझा आवाज ऐकला की माझा चढतो, मग आपण बोलत नाही, नुसते ओरडतो. अक्षर वेडंवाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

मावशीने तुला फोनवर रडत रडत काय काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. तिला कमी ऐकू येतं आणि जे ऐकू येत नाही ते ती मनाने भरते. म्हणून माझ्याकडून ऐक. वॉर्डात एका पेशंटच्या मुलाशी बाचाबाची झाली. त्या गडबडीत मी पडले. कोपराखालचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी घालून स्क्रूने बसवलंय. एवढंच. टाके चांगले आहेत, बोटं हलतात.

दुखतं का म्हणशील, तर दुखतं. पण सोसवतं. इतकी वर्षं ऑपरेशन झालेल्या माणसांना गोळ्या वाटल्या, आता स्वतः हात पसरून घेतेय. गंमत म्हणजे मलाही त्याच दोन साध्या गोळ्या दिल्यात, ज्या बघून लोक नाक मुरडतात. एक तापावरची आणि एक सुजेवरची. वेगवेगळ्या घेतल्या तर थोडं थोडं काम करतात, बरोबर घेतल्या की दोघी मिळून ओझं उचलतात. माझं पोट आणि मूत्रपिंडं धड आहेत म्हणून सुजेवरची चालते. पहिल्या दोन दिवसांत एक जोरदार गोळी दिली होती, तिने दुखणं गेलं पण उलट्यांनी जीव नकोसा केला. ती मीच बंद करायला सांगितली.

तर बरी आहे मी. तू यायचं नाहीस. हे मी रागाने नाही, हात जोडून सांगतेय. म्हणजे एकच हात, पण जोडला असं समज.

तुझ्या भावजींचं झालं तेव्हाही तू असाच आला होतास. माझा गाल सुजला होता. का सुजलाय हे तू विचारलंच नाहीस. अक्कलदाढ काढली होती रे. ते बिचारे माझ्यासाठी थंड दूध आणायला निघाले होते आणि तू त्यांना दारातच धरलंस. त्यांचा डोळा गेला. पोलिसांत गेले नाहीत, चार शर्ट पिशवीत घातले आणि गेले. आजपर्यंत आले नाहीत. तू म्हणालास, "ताई, तुझ्यासाठी केलं."

माझ्यासाठी आता काही करू नकोस. बंदरावर क्रेन चालवतोस, ती नीट चालव.

ताई


१८ फेब्रुवारी

बारक्या,

म्हणजे तू व्हिडिओ पाहिलास.

कोणी पाठवला, विचारणार नाही. वॉर्डात तेव्हा निदान दहा जण फोन धरून उभे होते. एकाने जरी फोन खिशात ठेवून पुढे पाऊल टाकलं असतं तर माझा हात वाचला असता. पण व्हिडिओत जे आहे ते अर्धं आहे, आणि अर्धं बघून तू काय करतोस ते मला माहीत आहे. म्हणून आता पूर्ण लिहिते. हो, पहिल्या पत्रात मी लपवलं. मी पडले नव्हते.

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. आतड्याला पीळ पडला होता, पोट छातीपासून खालपर्यंत उघडावं लागलं. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणायचो. काय माणूस! माझ्या युनिफॉर्मची बाही बघून म्हणाले, "सिस्टर, हे कोणी शिवलंय? त्याला आधी दाखल करा." हसले की टाके ओढायचे, तरी हसायचे.

त्यांची मूत्रपिंडं कमजोर होती. म्हणून सुजेवरची गोळी त्यांना द्यायची नाही असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. तापावरची गोळी ठरल्या वेळेला, आणि खूप दुखलं तरच जोरदार गोळीचा अगदी लहान डोस. त्यांचं दुखणं मिटत नव्हतं, पण ते खोकू शकत होते, उठून खुर्चीत बसत होते, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

मुलाला ते पटत नव्हतं. मुलगा टायरवाला आहे, नाक्यावर दुकान आहे त्याचं. आडदांड माणूस, पण बापाचे पाय चेपताना हात कसा हलका व्हायचा ते मी पाहिलंय. बाप कण्हला की हा रडकुंडीला यायचा आणि माझ्यावर खेकसायचा. "पोट फाडलंय त्यांचं, आणि तुम्ही डोकेदुखीची गोळी देता?"

"तीच गोळी वेळेवर दिली की काम करते," मी म्हणाले. "आणि थोडं दुखणं राहणारच. जास्त दिलं तर श्वास मंदावतो."

"तुमच्या बापाला राहू दे थोडं दुखणं," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

बाहेर कुणा ओळखीच्याकडून त्याने जोरदार गोळ्यांची पट्टी आणली. मी दुसऱ्या टोकाला ड्रेसिंग करत होते तेवढ्यात दोन गोळ्या स्वतःच्या हाताने बापाला दिल्या. आमची जोरदार गोळी त्याआधीच पोटात गेली होती. मी चक्कर मारायला आले तर काका गाढ झोपलेले. मुलगा खूश. "बघा, कसे शांत झोपलेत."

मी ओठ पाहिले. निळसर. छाती हलते की नाही ते वाकून बघावं लागलं. हाक मारली, गालावर थापटलं, उठेनात. मुलाच्या मुठीत पट्टी दिसली. ती हिसकावली, त्याला दोन्ही हातांनी बाजूला ढकललं आणि नव्या सिस्टरला ओरडले, "उताऱ्याचं इंजेक्शन आण! ऑक्सिजन लाव!"

त्याला दिसलं ते एवढंच, की त्याच्या बापाला मी मारतेय आणि त्याला ढकलतेय. पहिली थप्पड कानावर बसली. त्या कानात अजून शिट्टी वाजते. मी पुन्हा काकांकडे वळले तर त्याने सलाईनचा स्टँड उचलला. डोक्यावर येणार होता, मी हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, दुखलं नंतर. खाली पडले तर लाथा. दोन दात गेले. हे सगळं होताना मी एकच वाक्य ओरडत होते, व्हिडिओत नीट ऐक: "आधी इंजेक्शन दे! मला सोड, त्यांना दे!" नवी सिस्टर भिंतीला चिकटून उभी होती. पण गेली ती. खाटेखालून पलीकडे सरपटत गेली आणि इंजेक्शन दिलं.

काकांनी डोळे उघडले आणि पहिलं काय पाहिलं असेल तर आपला मुलगा आपल्या सिस्टरला तुडवतोय.

पुढचं व्हिडिओत नाही. दुकानावरची माणसं आली. औषधांचं कपाट आडवं केलं, काचा फोडल्या, शेजारच्या खाटेवरची बाई टाके धरून खाटेखाली लपली. "सिस्टरने चुकीची गोळी दिली" अशी बोंब उठली. मला ऑपरेशनला नेत असतानासुद्धा कोणीतरी स्ट्रेचरवर थुंकलं.

झालं. आता तुला सगळं माहीत आहे. तुझ्या हातापायांना आता काय होत असेल तेही मला इथे बसून कळतंय. बारक्या, बस खाली. पाणी पी.

ताई


१ मार्च

बारक्या,

मावशी म्हणते तू रजा टाकलीस. कशासाठी?

हे पत्र तुला निघण्याआधी मिळावं म्हणून कुरियरने पाठवतेय. आधी चांगली बातमी ऐक. शिंपीकाकांनी पोलिसांपुढे जबाब दिला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सिस्टरने नाही, ह्याने दिल्या गोळ्या. आणि तिला मारलं तेही ह्यानेच. गोळ्या दिल्या तेव्हा मी जागा होतो, आणि शुद्धीवर आलो तेव्हा तिला तुडवताना पाहिलं." मुलगा तिथेच उभा होता. बाप असं बोलेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला अटक झाली, मग जामिनावर सुटला. खटला उभा राहतोय. हॉस्पिटलची चौकशीही माझ्या बाजूने संपली.

काका घरी गेले. निघताना हॉस्पिटलमधल्या माझ्या खोलीत आले, मान खाली घालून. मी म्हणाले, "काका, तुम्ही कशाला लाजता?" तर म्हणाले, "शिवण उसवली की दोष शिंप्याचाच असतो, सिस्टर."

सगळं सरळ चाललंय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावरच्या माराचा हिशेब मुठींशिवाय होणार आहे. तो होऊ दे. तू आलास तर तो माझा राहणार नाही, तुझा होईल.

मला भेटायचंच असेल तर खटला संपल्यावर ये. दार उघडीन. खरंच उघडीन.

ताई


८ मार्च

बारक्या,

तुझे वकील म्हणाले की तुला काहीच आठवत नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मला आठवतं. म्हणून लिहितेय. तुरुंगाच्या दवाखान्यात पत्र देतात असं कळलं.

तू दुपारी घरी आलास. मावशीच्या पाया पडलास, माझ्याकडे बघून "ताई" म्हणालास आणि माझ्या तोंडातली दातांची खाच पाहिलीस. मी तुझ्यासाठी चहा टाकायला वळले. कप काढेपर्यंत तू नव्हतास. मावशी म्हणाली, "नाक्यावर जाऊन येतो म्हणाला." मी चपला न घालता धावले. प्लास्टरचा हात छातीशी धरून. वाटेत लोक बाजूला होत होते, मला बघून की तुला आधी पाहिलं होतं म्हणून, कोण जाणे.

दुकानात हवा भरायचं मशीन धडधडत होतं, त्यामुळे आधी काही ऐकू आलं नाही. मग दिसलं. तू त्याला टायरांच्या चळतीवर दाबून धरलं होतंस. तुझ्या हातात त्याचाच टायर काढायचा लोखंडी लिव्हर होता. पहिला फटका मी पाहिला नाही. दुसरा पाहिला. जबडा एका बाजूला गेला, कपाटाच्या निसटलेल्या खणासारखा. तो ओरडलाही नाही, तोंडातून नुसता फेस आणि रक्त. मग लिव्हर फेकलास आणि मुठीने सुरू झालास. एक ठोसा चुकून मागच्या रिमवर बसला. तुझ्या हाताची हाडं तेव्हाच गेली असणार, पण तू थांबला नाहीस. मोडलेल्या हाताने मारत राहिलास.

आणि शिंपीकाका. ते दुकानात खुर्चीवर बसले होते. टाके काढून जेमतेम आठवडा झाला होता. ते उठले, मुलाच्या अंगावर आडवे पडले आणि म्हणाले, "मला मार, पण त्याला सोड." तू त्यांची मान धरून बाजूला भिरकावलंस. बारक्या, तू बघितलंसही नाहीस काय फेकतोयस ते. ते जॅकवर पालथे पडले. उताणं केलं तेव्हा सदरा लाल होत होता. जखम वरपासून मधोमध उघडली होती. मी ओढणीचा बोळा करून पोटावर दाबला, एका हाताने, गुडघ्याने, जमेल तसा. आणि तुला शिव्या घातल्या. तशा शिव्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा तू थांबलास. माझ्याकडे बघितलंस. दम लागला होता तुला. म्हणालास, "ताई, तुझ्यासाठी."

पोटावर दाबलेला हात मोकळा असता तर मी तुला मारलं असतं. एवढंच माझं आणि तुझं रक्त एक आहे.

काका जगले. पुन्हा शिवलं त्यांना. टायरवाल्याच्या जबड्यात पट्ट्या घातल्या, दातांना तारा बांधून तोंड मिटवलंय. दोघं बाप-लेक आमच्याच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर.

काल इन्स्पेक्टर आले. चांगले गृहस्थ, मला समजवायला आले होते. "बाई, आता दोन्हीकडून सारखंच झालं. त्याने तुमचा हात मोडला, तुमच्या भावाने त्याचा जबडा. केस मागे घ्या, तेही घेतील. मिटवून टाका."

मी म्हणाले, "माझा हात आणि त्याचा जबडा ही काय तराजूत घालायची गोष्ट आहे? आणि काकांचं पोट कोणाच्या पारड्यात टाकता?"

ते टोपी उचलून निघाले.  ते गेल्यावर मावशी म्हणाली, "एकुलता भाऊ आहे तुझा." तिला नेमकं हवं तेवढं ऐकू येतं.

ताई


२९ मार्च

बारक्या,

तुझा निरोप मिळाला. हाताचं ऑपरेशन झालं, आत तारा घातल्या, रात्रंदिवस ठणकतंय, दवाखान्यातले लोक नुसत्या साध्या गोळ्या देतात, काहीतरी जोरदार पाठव, असा. त्याचं उत्तर देतेच. आधी वॉर्डातलं सांगते.

मला हलक्या कामावर परत घेतलंय. वजन उचलायचं नाही, खाटा ढकलायच्या नाहीत, फक्त औषधं वाटायची. पहिल्याच दिवशी ट्रॉली घेऊन निघाले आणि टायरवाल्याच्या खाटेशी पाय थबकले. जबड्यात पू झाला म्हणून त्याचं पुन्हा ऑपरेशन झालं होतं. हेडसिस्टर म्हणाल्या, "तू नको, मी देते." मी म्हणाले, "आज चुकवलं तर रोज चुकवावं लागेल."

त्याने मला पाहिलं आणि भिंतीकडे सरकला. तोंड तारांनी बांधलेलं, त्यामुळे बोलता येत नाही, गोळी गिळता येत नाही. पाण्यात विरघळवून नळीने द्यायची. मी ग्लासात गोळी टाकली. पांढरं पाणी झालं. तो त्या ग्लासाकडे असा बघत होता की जणू मी त्यात काय मिसळलंय ते फक्त मलाच माहीत आहे. त्याने मान हलवली. नको. घाम सुटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, इतकं दुखत होतं. तरी नको.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. क्षणभर छान वाटलं. तो घाबरला होता आणि मला ते आवडलं. ग्लास ठेवून निघून गेले असते तरी कोणी मला बोललं नसतं. पेशंटने नकार दिला, असं लिहिलं असतं की झालं.

मग मी पाणी ओतून टाकलं. नवी पट्टी काढली, त्याच्या हातात दिली. "वाच. नाव वाच. तूच फोड, तूच टाक." त्याच्या बोटांनी ती फुटेना. काका पलीकडच्या खाटेवरून म्हणाले, "अरे, घे. मारायचंच असतं तर तुझा बाप तिने त्या दिवशीच जाऊ दिला असता."

त्याने गोळी फोडली, पाण्यात टाकली, नळी ओठांत धरली. प्यायला. सुजेवरचं औषधही द्रवरूपात दिलं, आधी नळीने पेज पाजून. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा गेले तर कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. त्याने ग्लासाकडे बोट केलं. अजून.

"इतक्यात नाही," मी म्हणाले. "ठरलेल्या वेळेला पुन्हा मिळेल."

त्याने बोटांनी दाखवलं, अजून थोडं दुखतंय.

"थोडं राहणार. जे उरेल ते सोसायचं. ते अगदी पुसून टाकायला गेलास म्हणून तुझ्या बापाचा श्वास थांबत आला होता."

त्याने डोळे मिटले. मग तारांमधून काहीतरी घशातल्या घशात म्हणाला. मला कळलं नाही. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्याला लाज वाटतेय. पण ते माझ्याकडून नको, तोंड उघडल्यावर तोच सांगेल." उघडेल तेव्हा बघू. मी केस मागे घेतलेली नाही. हे मी त्यालाही सांगितलं आणि पुढच्या वेळेला गोळी आणून दिली.

आता तुझं. जोरदार काही पाठवणार नाही. तुझं दुखणं साध्या गोळ्यांनी सोसण्याइतकं कमी व्हायला हवं. त्या ठरलेल्या वेळेला घे, दुखणं कळस गाठेपर्यंत थांबू नकोस. आणि तिथल्या डॉक्टरांना हे सांग, तू सांगितलं नसशील ही माझी खात्री आहे: बंदरावर लागलास त्या वर्षी तुझ्या पोटात व्रण होऊन रक्ताची उलटी झाली होती. सुजेवरची गोळी तुला तशीच देऊन चालणार नाही. द्यायची की नाही, दिली तर पोट सांभाळायची गोळी बरोबर द्यायची का, ते त्यांना ठरवू दे. बरोबरच्या कैद्यांपैकी कोणी दुसऱ्या नावाची गोळी दिली तर घेऊ नकोस, नावं वेगळी असतात आणि आत औषध तेच असतं. शौचाला काळं झालं तर लगेच सांग, लाजू नकोस. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेव. त्याने निम्मा ठणका जातो आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

तरी थोडं उरेल. ते उरू दे, बारक्या. लहानपणापासून मला कुठे खरचटलं की तुला ते जगातून पुसून टाकायचं असतं. मी सोसू शकते. मला सोसता नेहमीच येत होतं.

तुझी तारीख लागली आहे. मला साक्षीला बोलावलंय. वकील म्हणाले, बहीण म्हणून काही गोष्टी मऊ करून सांगता येतील. मी नाही म्हणाले. दुकानात जे पाहिलं ते पाहिलं तसं सांगणार. लिव्हर, जबडा, काकांचं पोट, सगळं. तू माझ्यासमोर उभा असशील. मी मान खाली घालणार नाही, तूही घालू नकोस.

साक्ष संपली की मी बाहेर बाकावर बसेन. तुला परत नेतील त्याआधी भेटू देतात म्हणे. मावशीने तुझ्यासाठी मऊ भात करायचं ठरवलंय, पोटाला जड होऊ नये म्हणून. खा, आणि मग माझ्यासमोर गोळी घे.

तुझी ताई